रॉकचे देव आणि नावडतीचं मीठ

१९६७ च्या जून महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या विशीतल्या समीक्षकाने बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड'ची चिरफाड केली. सगळं जग ती तबकडी डोक्यावर घेऊन नाचत असताना हा गडी म्हणत होता की यात करामती भरपूर आहेत, गाणी कमी. स्टुडिओतल्या क्लृप्त्यांखाली चाली दबून गेल्या आहेत. शेवटचं 'अ डे इन द लाइफ' तेवढं त्याने मनापासून वाखाणलं. संतापलेल्या वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. पुढे फार वर्षांनी त्याने सांगितलं की तेव्हा त्याच्या घरच्या स्टिरिओचा एक स्पीकर बिघडलेला होता. हा तपशील बीटल्सच्या भक्तांना भारी आवडतो, कारण त्याने वाद परस्पर मिटतो: बिचाऱ्याला नीट ऐकूच आलं नव्हतं!

वाद मात्र मिटला नाही. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ मध्ये पाचशे सर्वश्रेष्ठ अल्बमांची यादी केली तेव्हा 'सार्जंट पेपर्स' पहिल्या क्रमांकावर होता, २०१२ मध्येही होता. २०२० मध्ये नव्या मतदारांना घेऊन यादी नव्याने केली, तेव्हा तो चोविसाव्या क्रमांकावर उतरला आणि मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने २०१५ मध्ये एका मुलाखतीत 'सार्जंट पेपर्स'ला सरळ कचऱ्यात काढलं, तेव्हा चार दिवस बातम्या झाल्या आणि संपलं. ज्या मतासाठी गोल्डस्टीनने शिव्या खाल्ल्या, ते आज कुणीही चहा पिता पिता बोलून जातो.

म्हणजे रॉक आणि पॉपमधल्या 'लोकांना न रुचणाऱ्या' मतांचा आढावा घ्यायला बसलं की पहिली अडचण हीच: न रुचणारं म्हणजे कुणाला, आणि कोणत्या साली? लोकप्रियतेचं माप गाण्यापेक्षा लवकर बदलतं. म्हणून मला त्या मापाशी फारसं देणंघेणं नाही. आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत जाणकार एखाद्या 'जागे'ला दाद देतात. तसंच उलट मत मांडणाऱ्यालाही विचारावं: बाबा रे, तुझं बोट कुठल्या जागेवर आहे? बोट ठेवता आलं तर ते मत एकट्याचं असलं तरी ऐकण्यासारखं आहे. नाही आलं, तर ते लाखोंचं असूनही नुसती चीड आहे.

बीटल्सचाच 'रिव्हॉल्व्हर' हा 'सार्जंट पेपर्स'पेक्षा सरस, हे मत एके काळी अमेरिकेत वेडेपणाचं वाटायचं. आज ते जवळपास सर्वमान्य आहे. यामागे एक साधं व्यापारी कारण आहे. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या 'रिव्हॉल्व्हर'वर चौदा गाणी होती. अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीने त्यातली जॉन लेननची तीन गाणी आधीच दुसऱ्या एका तबकडीवर वापरून टाकली होती, म्हणून अमेरिकन 'रिव्हॉल्व्हर' अकरा गाण्यांचा निघाला. लेननचा अल्बममधला वाटाच अर्ध्यावर आला. १९८७ मध्ये सीडी निघाल्या तेव्हा कुठे चौदा गाण्यांचा मूळ अल्बम अमेरिकेत सगळीकडे मिळू लागला. वीस वर्षं अमेरिकन समीक्षक दोन अल्बमांची तुलना करत होते, पण त्यातला एक त्यांनी अर्धामुर्धाच ऐकलेला होता. अभिरुची बदलली असं आपण म्हणतो तेव्हा कधी कधी फक्त माल पूर्ण पोहोचलेला असतो.

'सार्जंट पेपर्स'मध्ये पाश्चात्त्य श्रोते हटकून ओलांडतात ते गाणं म्हणजे जॉर्ज हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू'. सतार, दिलरुबा, तबला, तानपुरा. लंडनमधल्या भारतीय वादकांना घेऊन केलेलं. रविशंकरांनी आकाशवाणीसाठी केलेल्या एका रचनेवरून हॅरिसनला ते सुचलं होतं. अध्यात्माचा डोस म्हणून हे गाणं तिकडे बदनाम. माझं मत उलटं आहे, आणि बोट दाखवूनच सांगतो: गायन थांबून वाद्यं पुढे येतात तिथे ताल दहा मात्रांच्या झपतालावर जातो, दिलरुबा आणि पाश्चात्त्य व्हायोलिनं एकमेकांना प्रश्नोत्तरं करतात, आणि तेवढ्या भागात संबंध अल्बममधलं सगळ्यात धाडसी संगीत आहे. गायलेला भाग मात्र खरंच उपदेशपर आहे. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६८ मध्ये, हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला आणि शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्या वादकांबरोबर त्याने ध्वनिमुद्रण केलं. त्यातलं 'द इनर लाइट' आकाराने लहान आणि सगळ्या बाजूंनी जास्त पक्कं आहे. बीटल्सच्या पन्नास उत्तम गाण्यांत ते क्वचितच कुणी धरतं.

थोरांना खाली खेचण्याचा हा खेळ २००४ मध्ये पुस्तकरूपानेही निघाला. जिम डेरोगॅटिस या शिकागोच्या समीक्षकाने 'किल युवर आयडॉल्स' नावाचा संग्रह काढला. तरुण लेखकांनी एकेक पूज्य तबकडी घ्यायची आणि फोडायची. कल्पना उत्तम. पण वाचताना जाणवतं की बऱ्याच लेखांचा राग तबकडीवर नाहीच, तो आधीच्या पिढीवर आहे. बापाने वीस वर्षं 'आमच्या वेळचं संगीत' म्हणून छळलं, त्याचा हा सूड. असं लेखन करमणुकीला बरं असतं; अल्बम मात्र पहिल्यासारखाच राहतो.

याची दुसरी बाजू जास्त रंजक आहे. आज जे देव आहेत त्यांना समीक्षकांनी सुरुवातीला दारातही उभं केलं नव्हतं. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमला १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने झोडपलं. पॉल मॅकार्टनीचा 'रॅम' १९७१ मध्ये त्याच मासिकाने मोडीत काढला. आज घरगुती, हलक्याफुलक्या पॉपचा तो मूळपुरुष मानला जातो. म्हणजे 'झेपेलिन फुगवलेले आहेत' असं आज धीटपणे सांगणारा माणूस नकळत पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रस्थापितांचीच री ओढत असतो.

क्वीनचं उदाहरण आपल्याला जवळचं. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. क्वीनबद्दल १९७९ मध्ये डेव्ह मार्श या वजनदार समीक्षकाने लिहिलं की हा फॅसिस्ट वळणाचा बँड आहे. त्याचा रोख 'वी विल रॉक यू'वर होता: पाय, पाय, टाळी, आणि हजारोंनी एकसाथ हुकूम पाळायचा. शब्द फार अवजड होता आणि मार्शला तो पुढे जन्मभर ऐकवला गेला. पण त्याचा कान खोटा नव्हता. ते गाणं गर्दीलाच वाद्य करतं, दोन मिनिटांचं निम्मं काम श्रोत्यांचे पाय करतात. १९८५ च्या लाइव्ह एडमध्ये वेम्ब्ली स्टेडियमवर सत्तर हजार लोकांचे हात एकाच क्षणी वर गेले, तेव्हा जगाला त्यात आनंद दिसला. मार्शला त्याच दृश्याची धास्ती होती. दोघांनी तेच ऐकलं होतं.

'बोहेमियन रॅप्सडी' हे क्वीनचं सर्वोत्तम गाणं नाही, हेही असंच न रुचणारं मत. त्याला एक भक्कम आधार आहे: मधला ऑपेराचा भाग हा आवाजावर आवाज चढवून टेपवर उभा केलेला असल्याने मैफलीत तो गाता यायचा नाही. टेप लावून बँड चक्क रंगमंचाच्या आत निघून जायचा. स्टुडिओतला चमत्कार म्हणून ते गाणं अचाट आहे. गायलं जाणारं गाणं म्हणून 'समबडी टु लव्ह' त्याच्या पुढे आहे.

आता नावडतीच्या मिठाकडे येऊ. ते कितीही घातलं तरी अळणीच, आणि सत्तरच्या दशकात हे मीठ डिस्कोचं होतं.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलचे दोन सामने होते. रॉक वाजवणाऱ्या एका रेडिओ केंद्राचा निवेदक स्टीव्ह डाल याने जाहीर केलं होतं की डिस्कोची एक तबकडी घेऊन या, ९८ सेंटांत आत या. याच डालची आधीची नोकरी केंद्राने डिस्को वाजवायचं ठरवल्यामुळे गेली होती. पन्नासेक हजार लोक जमले. पहिल्या सामन्यानंतर तबकड्यांची पेटी मैदानात सुरुंग लावून उडवण्यात आली, प्रेक्षक मैदानात घुसले, हिरवळ उखडली गेली, आणि दुसरा सामना यजमान संघाला गमवावा लागला. त्या रात्री मैदानावर काम करणारा विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा पुढे संगीतकार झाला. त्याने सांगून ठेवलंय की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्याही पुष्कळ होत्या. त्या फक्त काळ्या कलावंतांच्या होत्या.

डालचं म्हणणं आजही हेच की ती निव्वळ मस्करी होती. असेल. पण डिस्को न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांतून वर आलं होतं. 'डिस्को भिकार आहे' हे मत तेव्हा बहुसंख्य गोऱ्या तरुणांचं होतं आणि ते एकाही जागेवर बोट ठेवत नव्हतं. जागा शोधली असती तर शिक या बँडच्या 'गुड टाइम्स'मध्ये बर्नार्ड एडवर्ड्सची बास गिटार कानावर पडली असती. क्वीनचा जॉन डीकन शिकच्या संगतीत काही काळ राहिला, आणि १९८० मध्ये 'अनदर वन बाइट्स द डस्ट' घेऊन आला. तीच चाल, तोच उसळता ठेका, आणि रॉकवाल्यांनी ते निमूट डोक्यावर घेतलं. ग्रॅमीवाल्यांनी डिस्कोसाठी वेगळा पुरस्कार काढला तो एकदाच, १९८० मध्ये. ग्लोरिया गेनरला 'आय विल सर्व्हाइव्ह'साठी मिळाला आणि तो प्रकारच बंद झाला. त्याच शिकागोत, वेअरहाउस नावाच्या क्लबात, फ्रँकी नकल्स डिस्कोच्या तबकड्या जोडून-तोडून वाजवत राहिला. त्यातून हाउस संगीत निघालं. आज जगभर नाचायला जे वाजतं त्याचा बराच वंश तिथला. आपल्याकडे तर या भांडणाचा पत्ताच नव्हता. शिकागोत डिस्कोचं तेरावं उरकल्यावर मुंबईत १९८० मध्ये 'कुर्बानी' आला आणि १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर'.

काही मतं तर मतं नसतातच. त्या अफवा असतात, आणि लोकप्रियही असतात. रिंगो स्टार सुमार ड्रमर होता, ही त्यातली एक. लेननला कुणी विचारलं, रिंगो जगातला उत्तम ड्रमर आहे का, तर तो म्हणाला, बीटल्समधलासुद्धा नाही, हा विनोद तुम्हीही ऐकला असेल. बीटल्सचे चरित्रकार मार्क लुइसन यांनी माग काढला तेव्हा तो ब्रिटनमधल्या ऐंशीच्या दशकातल्या विनोदी कार्यक्रमांत सापडला, लेनन गेल्यानंतरचा. रिंगो डावखुरा, पण वाजवायचा उजव्या हाताच्या मांडणीवर. त्यामुळे त्याच्या भराव्याच्या बोलांना एक विचित्र, अडखळल्यासारखी चाल येते, जी उजव्या हाताच्या ड्रमरला सहज उचलता येत नाही. 'रेन' ऐका, 'कम टुगेदर' ऐका. चमकदार हात त्याच्याकडे नव्हता, पण लय कधी ढळली नाही.

योको ओनोने बीटल्स फोडले, ही दुसरी. १९६९ च्या जानेवारीतल्या तालमींचं चित्रण पीटर जॅक्सनने २०२१ मध्ये 'गेट बॅक' म्हणून आठेक तासांत दाखवलं. त्यात बाई बहुतेक वेळ पेपर वाचत, विणत बसलेल्या दिसतात. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन १९६७ मध्ये वारल्यावर पैशांचा कारभार कुणाकडे द्यायचा, यावरून चौघांत जे फाटलं ते कुठल्याही भाऊबंदकीसारखं होतं. घर मोडलं की सुनेकडे बोट दाखवण्याची रीत फक्त आपलीच नाही, इतकंच.

कानाने काढलेल्या मताचा नमुना हवा असेल तर मेटॅलिकाच्या चाहत्यांकडे जावं. 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा १९८८ चा अल्बम उत्तम आहे, पण त्यात बास गिटार ऐकूच येत नाही, असं ते तीन दशकं सांगताहेत. आधीचा बासवादक क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा हा पहिला पूर्ण अल्बम, आणि मिश्रण करताना त्याचा बास जवळजवळ बुडवला गेला. मिश्रण करणाऱ्या स्टीव्ह थॉम्प्सनने नंतर सांगितलं की तसा आग्रह बँडचाच होता. २०१८ मध्ये नवी आवृत्ती निघाली तेव्हाही बास वर आणला नाही. इथे भक्त आणि टीकाकार एकच आहेत. अल्बमवर जीव असल्याशिवाय एका न ऐकू येणाऱ्या वाद्यासाठी कुणी तीस वर्षं भांडत नाही.

खुद्द कलावंतांचीही मतं असतात, ती वेगळ्याच कारणांनी कडू. लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट याने गाडीत रेडिओ ऐकताना पोर्टलंडच्या एका केंद्राला देणगी कबूल केली, कारण त्यांनी 'स्टेअरवे टु हेवन' पुन्हा कधीही वाजवणार नाही असं वचन दिलं होतं. गाणं त्याचंच!

भारतात न रुचणारी मतं वेगळी आहेत, कारण आपली देवळंच वेगळी. कॉलेजच्या महोत्सवात ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' कंटाळवाणं आहे असं म्हणून बघा. अमेरिकेत मात्र ईगल्सना नावं ठेवणं हा कसलेल्या समीक्षकांचा नित्यनेम होता. फार स्वच्छ, फार घासूनपुसून केलेलं, असा आक्षेप. (फेल्डर आणि वॉल्श यांचं ते शेवटचं जोडगिटारवादन हेच त्याचं उत्तर आहे, स्वच्छपणा हा तिथे दोष नसून सौंदर्य आहे.) ब्रायन अ‍ॅडम्स, बोनी एम., स्मोकी, डेन्मार्कचे मायकल लर्न्स टु रॉक यांना कॅसेटच्या आणि नंतर केबलच्या काळात आपल्याकडे जो मान मिळाला तो लंडन-न्यूयॉर्कच्या यादीत शोधून सापडणार नाही. कोल्डप्लेचंही तसंच. २००५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जॉन पॅरेलीस यांनी त्यांना दशकातला सर्वांत असह्य बँड ठरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा तिकिटांसाठी जी झुंबड उडाली तिच्यात पॅरेलीसचं नाव ऐकलेले फारसे कुणी नसावेत. पॅरेलीस यांचा मुख्य आक्षेप, सगळी भावना एकाच पातळीवर भिजत ठेवण्याचा, मला पटतो. पण 'अ रश ऑफ ब्लड टु द हेड'नंतरच्या अल्बमांपुरता.

या सगळ्या प्रांतातलं सर्वांत चांगलं पुस्तक न आवडणाऱ्या गायिकेवर आहे. कॅनडाचा समीक्षक कार्ल विल्सन याला सेलीन डिऑन अजिबात सहन होत नसे. १९९८ च्या ऑस्कर समारंभात तिच्या 'टायटॅनिक'मधल्या गाण्याने एलियट स्मिथच्या हळुवार गाण्याला हरवलं, तेव्हापासून तर जास्तच. २००७ मध्ये त्याने तिच्या 'लेट्स टॉक अबाउट लव्ह' या अल्बमवर छोटं पुस्तक लिहिलं. ज्या मालिकेत सगळे जण आपल्या लाडक्या अल्बमांवर लिहितात, तिच्यातच. तो तिच्या चाहत्यांना भेटला, लास व्हेगासला जाऊन तिचा कार्यक्रम पाहिला, क्वेबेकमधल्या फ्रेंचभाषक गरीब घरातल्या चौदाव्या लेकराचा हा आवाज तिथल्या लोकांना का आपला वाटतो ते समजून घेतलं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांचं म्हणणं त्याने आधाराला घेतलं: आपली अभिरुची म्हणजे बऱ्याच अंशी आपण कोणत्या वर्गाचे नाही, हे दाखवण्याची सोय असते. पुस्तकाच्या शेवटी तो सेलीनचा भक्त होत नाही, हे फार बरं झालं. आणि गंमत अशी की खुद्द एलियट स्मिथचा तिच्यावर राग नव्हता. त्या रात्री पडद्यामागे ती फार प्रेमाने वागली, असं तो सांगायचा.

विल्सनच्या थोडं आधी, २००४ मध्ये, केलेफा सॅने यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रॉकच्या सोवळेपणावर लेख लिहिला होता. गिटार म्हणजे खरं आणि नाचायचं म्हणजे खोटं, ही शिवाशीव थांबवा, असं त्यांचं म्हणणं. ते वीस वर्षांत इतकं जिंकलं की आता काटा दुसऱ्या टोकाला गेलाय. एप्रिल २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' आला, विस्तारित आवृत्तीत एकतीस गाण्यांचा. 'पेस्ट' मासिकाने प्रतिकूल परीक्षण छापलं आणि लेखकाचं नाव दिलं नाही. कारणही सांगितलं: २०१९ मध्ये तिच्या 'लव्हर'वर लिहिणाऱ्याला वाचकांकडून हिंसाचाराच्या धमक्या आल्या होत्या. एकतीस गाणी जास्त होतात, हे मत एके काळी कुठल्याही संपादकाने सहज छापलं असतं.

मराठीत संगीतावर भरपूर लिहिलं जातं, पण ते बहुतेक आरतीसारखं असतं किंवा मृत्युलेखासारखं. विल्सनसारखं काम आपल्याकडे कुणीतरी अंगावर घ्यावं: आपल्याला अगदी नको असलेलं, पण लाखोंच्या तोंडी असलेलं एक मराठी गाणं निवडावं, वरातीतलं, डीजेवरचं, कुठलंही, ते ज्यांना आवडतं त्यांच्या घरी जाऊन त्यांना विचारावं, गाण्यातल्या जागा मोजाव्यात, आणि शेवटी नाहीच आवडलं तर तसं स्वतःच्या नावानिशी छापावं. दिवाळी अंकांच्या संपादकांनी अशा लेखकाला जागा द्यावी.